न कापणाऱ्या सुरीची गोष्ट

भांड्यांच्या दुकानात पर्समधून लहानसं चुंबक काढून ते पातेल्याला लावून बघणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. चुंबक चिकटलं तर माल हलका, घसरलं तर अस्सल, अशी ती परीक्षा. पातेल्यापुरती ती काही अंशी खरी आहे. चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमिअमबरोबर ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं आणि त्या घडणीचं पोलाद चुंबकाला दाद देत नाही. पण हीच परीक्षा स्वयंपाकघरातल्या सुरीला लावली तर स्टेनलेसची जवळजवळ प्रत्येक सुरी नापास होईल. धार धरण्याइतकं कठीण होऊ शकणारं पोलाद चुंबकाला चिकटणारच. म्हणजे ज्याला आपण हलकेपणाची खूण समजतो, तीच सुरीच्या बाबतीत लायकीची खूण आहे.

हे मला कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळण्याआधी माझ्या हातून एक चूक झाली. १९९१ साली, आयटीआय संपवून मी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात भट्टीवर लागलो. सुऱ्यांची पाती आमच्याकडे 'पाणी द्यायला' येत. म्हणजे तापवून, तेलात बुडवून कडक करायला. एका रात्रपाळीत मी जाळीत पाती गच्च रचली. भट्टीचा काटा १०२० अंश दाखवत होता, पण मधल्या थरापर्यंत ती धग पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी दिला नाही, कारण सकाळच्या आत दोन खेपा काढायच्या होत्या. कडकपणा तपासायला वरच्या थरातली चार पाती उचलली, ती उत्तम निघाली. महिन्याभरात अर्धा माल परत आला. तक्रारी दोन होत्या : धार टिकत नाही, आणि मुठीजवळ गंजाचे ठिपके पडतात. आमचे मिस्त्री म्हणाले, "माल हलका आला रे, आपण काय करणार?" मी मान डोलावली. पत्रा पुरवणाऱ्या लहान व्यापाऱ्याचे पैसे अडकले आणि पुढे त्याला काम मिळालं नाही.

'स्वस्तातलं स्टेनलेस, दुसरं काय होणार' हे वाक्य त्यानंतर मी शेकडो वेळा ऐकलं. या वाक्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी सुरू होतो. कारण ज्याला आज आपण स्वस्तातलं सुरीचं स्टील म्हणतो, ते मुळात पहिलंच स्टेनलेस सुरीचं स्टील होतं.

राख, वीट आणि घासणारे हात

स्टेनलेसच्या आधीची सुरी कशी होती हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही, जुनी विळी आठवली तरी पुरे. कैरी किंवा लिंबू चिरलं की विळीचं पातं काळं पडायचं, फोडीलाही लोखंडाची चव लागायची. चिरून झालं की लगेच धुवायचं, कोरडं करायचं, राखेनं नाहीतर विटेच्या चुऱ्यानं घासायचं. विसरलं तर सकाळी तांबूस थर ठरलेला. धार मात्र अशी, की बोटाला लागलं तर आधी रक्त दिसायचं आणि मग कळायचं.

इंग्लंडमध्ये दुखणं हेच होतं आणि उपायही. तिथेही मऊ विटेची पूड फळीवर पसरून त्यावर सुऱ्या घासत. श्रीमंतांच्या घरी त्यासाठी पिंपासारखं गोल यंत्र असे. कडेच्या फटींत सुऱ्या खोचायच्या आणि दांडा फिरवायचा. फळं आणि मासे खायला चांदीची किंवा चांदीचा मुलामा दिलेली वेगळी सुरी ठेवत, कारण आंबट पदार्थाला पोलाद लागलं की चव बिघडे. हे घासणं अर्थातच घरचे मालक करत नसत. न गंजणारी सुरी ही कल्पना कोणाच्या हातांना सर्वांत आधी हवीशी वाटली असेल, हे सांगायला नको.

१३ ऑगस्ट १९१३

शेफील्ड हे शतकानुशतकं सुऱ्या-कात्र्यांचं गाव. तिथे १८७१ साली पोलाद वितळवणाऱ्या एका मजुराच्या घरी हॅरी ब्रिअर्लीचा जन्म झाला. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि वडील जिथे राबत होते त्या थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्यात तो लागला. पुढे तिथल्या रसायनशाळेत बाटल्या धुण्याचं काम मिळालं. बाटल्या धुता धुता तो शिकला. रात्रीचे वर्ग, उसनी पुस्तकं आणि स्वतःचे प्रयोग एवढ्या भांडवलावर तो पोलादाच्या पृथक्करणातला जाणकार झाला. काही वर्षं त्यानं कंपनीच्या रिगा इथल्या कारखान्यात काढली. १९०८ साली फर्थ आणि जॉन ब्राउन या दोन कंपन्यांनी मिळून काढलेल्या संशोधनशाळेचा तो प्रमुख झाला. १९११ साली त्यानं हत्यारांच्या पोलादाला आच आणि पाणी कसं द्यावं यावर पुस्तक लिहिलं. पुढच्या गोष्टीत या पुस्तकाचा विषय महत्त्वाचा आहे.

१९१२ साली त्याच्याकडे आलेल्या कामाचा सुऱ्यांशी काही संबंध नव्हता. रायफलच्या नळ्या आतून झिजत होत्या, त्यावर उपाय हवा होता. क्रोमिअम घातलेलं पोलाद उष्णतेला अधिक टिकतं हे माहीत असल्यामुळे त्यानं वेगवेगळ्या प्रमाणांची ओतकामं करून घेतली. १३ ऑगस्ट १९१३ रोजी विजेच्या भट्टीतून निघालेल्या ओतीवात ०.२४ टक्के कार्बन आणि १२.८ टक्के क्रोमिअम होतं.

भंगाराच्या ढिगात एक तुकडा चकाकताना दिसला आणि शोध लागला, अशी एक लोकप्रिय कथा सांगतात. ब्रिअर्लीनं स्वतः सांगितलेली हकिकत इतकी नाट्यमय नाही, पण अधिक पटणारी आहे. पोलादाची आतली घडण सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर आधी त्याचा पृष्ठभाग सौम्य नायट्रिक आम्लानं किंचित कुरतडावा लागतो. हे पोलाद कुरतडलंच जाईना. त्यानं मग व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला. शेफील्डच्या माणसाला लिंबू म्हटलं की सुरी आठवणारच.

मुंबईहून निघालेली वाट

हा शोध एकट्या ब्रिअर्लीचा नव्हता आणि तसा दावा करणं अन्यायाचं होईल. या वाटेचं एक टोक तर आपल्या मुंबईत आहे. दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या पोलादाला इंग्रज 'वूट्झ' म्हणत. कन्नडमधल्या 'उक्कू'वरून हा शब्द आला असं मानलं जातं. १७९४ साली मुंबईतले कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. या कामात लंडनचा एक सुऱ्या घडवणारा कारागीर सामील होता, जेम्स स्टोडार्ट. वूट्झनं त्याच्यावर अशी मोहिनी घातली की तसं पोलाद इंग्लंडमध्ये बनवायचा ध्यास त्यानं घेतला आणि एका लोहाराच्या मुलाला, मायकल फॅरडेला, सोबत घेतलं. विजेचे प्रयोग करण्याआधीचा हा फॅरडे. १८२० आणि १८२२ साली या दोघांनी पोलादात इतर धातू मिसळण्याच्या प्रयोगांवर निबंध प्रसिद्ध केले. क्रोमिअमही त्यांनी वापरून पाहिलं.

त्याच सुमारास, १८२१ साली, फ्रान्समध्ये पिएर बेर्तिए यानं क्रोमिअममिश्रित लोखंडाला आम्लं सहजी खात नाहीत हे नोंदवलं आणि त्याच्या सुऱ्या करता येतील असं सुचवलं. मग पुढची नव्वद वर्षं काय झालं? अडचण कार्बनची होती. तेव्हाच्या क्रोमिअमबरोबर कार्बनही भरपूर येई आणि पोलाद ठिसूळ होई. कार्बनविरहित क्रोमिअम मिळायला १८९० चं दशक उजाडावं लागलं. १८९२ साली शेफील्डच्याच रॉबर्ट हॅडफिल्डनं क्रोमिअमच्या पोलादाची परीक्षा घेतली, पण ती तीव्र गंधकाम्लात. त्यात ते टिकलं नाही, म्हणून क्रोमिअमनं गंज वाढतो असा निष्कर्ष निघाला. स्वयंपाकघरात कोणी गंधकाम्ल वापरत नाही, पण निष्कर्ष छापला गेला. १९११ साली जर्मनीत मोनार्त्सनं क्रोमिअम आणि गंजरोधकता यांचं नातं नीट मांडलं आणि १९१२ साली क्रुप कंपनीत मॉरर आणि श्ट्राउस यांनी निकेल-क्रोमिअमचं पोलाद घडवलं. आपल्या पातेल्याचं कूळ ते. सुरीचं कूळ मात्र शेफील्डचं.

डाळिंबी आणि केशरी

ब्रिअर्लीनं मालकांना सुऱ्यांची कल्पना सांगितली. त्यांना रस वाटला नाही. मग त्यानं शेफील्डच्या दोन सुऱ्यावाल्यांकडे नमुने पाठवले. उत्तर आलं : हे पोलाद नीट घडवता येत नाही, पाणी धरत नाही, घासता येत नाही, सुरीच्या कामाचं नाही. गावात ब्रिअर्लीची ख्याती झाली ती 'न कापणाऱ्या सुरीचा शोध लावणारा' अशी.

हे कारागीर अनाडी नव्हते, उलट पिढ्यानपिढ्यांचे वाकबगार होते, आणि गोम नेमकी तिथेच होती. साधं कार्बनचं पोलाद ७६० ते ८०० अंशांपर्यंत तापवून बुडवलं की कडक होतं. त्या वेळी ते डाळिंबी लाल दिसतं. कारागिराचा डोळा या रंगावर बसलेला असतो, त्याहून अधिक तापवलं तर माल वाया जातो हे त्याला बापानं शिकवलेलं असतं. पण १३ टक्के क्रोमिअमच्या पोलादाची घडण बदलायला सुरुवातच मुळी ८०० अंशांच्या आसपास होते. त्याला ९८० ते १०४० अंश हवेत, म्हणजे डाळिंबी ओलांडून झळझळीत केशरी. साध्या पोलादाला जी आच मारक, तीच या पोलादाला आवश्यक. डोळ्यानं तरबेज असलेला माणूसच इथे हमखास चुकणार.

१९१४ साली ब्रिअर्लीची गाठ आर. एफ. मोझली या सुऱ्यांच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्टशी पडली. स्टुअर्टनं नमुना व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिला. ब्रिअर्ली त्याला 'न गंजणारं' म्हणत होता, 'स्टेनलेस' म्हणजे डाग न पडणारं हे नाव स्टुअर्टनं रूढ केलं. पण पहिल्या खेपेला त्याचे ठसे खराब झाले. दुसऱ्या खेपेला पाती कडक झाली पण ठिसूळ निघाली. तिसऱ्या खेपेला त्यानं ब्रिअर्लीलाच शेजारी उभं केलं. ब्रिअर्लीला सुरी घडवता येत नव्हती, पण पोलाद किती तापवायचं हे येत होतं. त्या खेपेला सुऱ्या कापू लागल्या.

योग्य आच मिळाली नाही तर सुरी बोथट का होते हे एवढ्यावरून समजतं. पण ती गंजते का? माझ्या परत आलेल्या मालाचं कोडं तेच होतं. क्रोमिअमचं पोलाद गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावर क्रोमिअम आणि प्राणवायूची एक पारदर्शक साय धरते म्हणून. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांएवढी तिची जाडी. ही साय अखंड राहायला पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमिअम 'मोकळं' असावं लागतं. आणि कार्बनला तर क्रोमिअमची भारी ओढ. एक भाग कार्बन आपल्याबरोबर वजनानं सोळा भाग क्रोमिअम बांधून ठेवू शकतो. ०.३ टक्के कार्बन असलेल्या पोलादात सगळा कार्बन असा बांधून बसला तर जवळजवळ पाच टक्के क्रोमिअम अडकलं. तेरातून पाच गेले, उरले आठ. प्रत्यक्षात त्या कणांत थोडं लोखंडही असल्यामुळे आकडा एवढा खाली जात नाही, पण साय कमकुवत व्हायला तेवढं पुरतं. हजार अंशांच्या पुढे हे कण विरघळतात. तिथून झटकन थंड केलं की कार्बन पोलादाच्या जाळ्यात अडकून त्याला कडक करतो आणि क्रोमिअम मोकळं राहून त्याला गंजापासून वाचवतं. एकाच आचेत दोन्ही कामं होतात, आणि आच हुकली तर दोन्ही बिघडतात. भोसरीतल्या त्या रात्री मधल्या थरातल्या पात्यांचं हेच झालं होतं. माल हलका नव्हता.

स्वस्त का, आणि कशासाठी

यशानंतर व्हायचं ते झालं. शोध कोणाचा आणि हक्क कोणाचा यावरून ब्रिअर्लीचं मालकांशी फाटलं. १९१५ मध्ये तो दुसऱ्या कारखान्यात गेला. १९१६ मध्ये त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं, १९१७ मध्ये फर्थ-ब्रिअर्ली सिंडिकेट स्थापन झालं. महायुद्धाच्या काळात हे पोलाद विमानाच्या इंजिनांतल्या व्हॉल्व्हसाठी वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर ते घराघरांतल्या टेबलांवर पोहोचलं, आणि सुऱ्या घासायची यंत्रं अडगळीत गेली.

आज या कुळाला अमेरिकी क्रमवारीत ४२० म्हणतात. जपानी प्रमाणात त्याचे दोन भाऊ आहेत : ०.१६ ते ०.२५ टक्के कार्बनचं ४२० जे १ आणि ०.२६ ते ०.४० टक्क्यांचं ४२० जे २. दोन्हींत क्रोमिअम १२ ते १४ टक्के. ब्रिअर्लीचं १९१३ चं ओतीव आजही यातल्या धाकट्या भावाच्या चौकटीत बसेल. जत्रेत, रेल्वेत, बोहारणीच्या टोपलीत मिळणारी बिननावाची स्टीलची सुरी बहुधा याच कुळातली.

ते स्वस्त आहे याची कारणं साधी आहेत. त्यात निकेल किंवा मॉलिब्डेनम यांसारखा महागडा धातू घालावा लागत नाही. कार्बन कमी असल्यामुळे त्याचा पत्रा लाटता येतो, प्रेसखाली पाती छापून काढता येतात, ती घासायला दगड कमी झिजतो. याच कमी कार्बनमुळे त्याची मर्यादाही ठरते. रॉकवेल सी मापनावर ते साधारण ५० ते ५५ पर्यंत चढतं. कार्बन पोलादाची चांगली सुरी साठीच्या आसपास जाते. म्हणून याची धार लवकर मावळते. पण कठीण पोलाद जिथे तुटतं तिथे हे वाकतं, आणि मावळलेली धार कपाच्या बुडावर चार वेळा घासली तरी परत येते. अधिक कार्बन आणि अधिक क्रोमिअम घालून ४४० सी सारखी पोलादं पुढे निघाली. त्यांची धार टिकते, पण घडवायला, घासायला आणि घरी धार लावायलाही ती जड जातात. दाढीच्या पात्याचं स्टेनलेस हेही तेरा टक्के क्रोमिअमचंच, कार्बन मात्र दुपटीनं अधिक.

मग ते कशासाठी चांगलं? टेबलावरच्या सुरीसाठी, जी चिनी मातीच्या बशीवर घासली जाते आणि जिथे कुठलीच धार टिकत नाही. समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या सुरीसाठी. शस्त्रक्रियेतल्या चिमट्यांसाठी आणि कात्र्यांसाठी, ज्यांना रोज वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक व्हावं लागतं. प्लॅस्टिकच्या साच्यांसाठी, कारण त्याला आरशासारखी झिलई चढते. एका जागी मात्र ते हरतं : मीठ. लोणच्याची फोड किंवा मीठ-लिंबू लागलेली सुरी रात्रभर तशीच ठेवली तर क्षार ती साय भेदतात आणि टाचणीएवढे खड्डे पडतात. 'स्टेनलेस' या शब्दानं दिलेलं आश्वासन एवढं मोठं आहे, की आपण साधं धुणंही विसरतो.

ब्रिअर्लीनं १९४१ साली 'नॉटेड स्ट्रिंग' हे आत्मचरित्र लिहिलं आणि १९४८ साली तो वारला. त्याची हकिकत मला पहिल्यांदा वाचायला मिळाली ती २००६ साली, रद्दीतून आणलेल्या एका इंग्रजी मासिकात. दोन सुऱ्यावाल्यांनी 'पाणी धरत नाही' म्हणून नमुने परत केले, हे वाक्य वाचताना मी उठून बसलो. परत आलेल्या त्या मालातली दोन पाती माझ्याकडे होती. एक तसंच ठेवलं. दुसरं ओळखीच्या भट्टीत १०२० अंशांवर पुरेसा वेळ धरून तेलात बुडवलं, मग १८० अंशांवर दोन तास निववलं. दोन्हींना धार लावली, दोन्हींनी एकेक कैरी चिरली आणि न धुता रात्रभर ठेवली. सकाळी एकावर तांबूस ठिपके होते, दुसऱ्यावर नुसता कैरीचा वाळलेला रस.

पंधरा वर्षं उशिरा मी त्या पत्र्याच्या व्यापाऱ्याला शोधत गेलो. ती ओळ पाडून तिथे इमारत उभी राहिली होती, आणि आजूबाजूला कोणाला त्याचा पत्ता माहीत नव्हता. दुसरं पातं आईनं लाकडी मूठ बसवून घेतलं. कैरी तिनं पुढेही विळीवरच चिरली, कारण धार तिचीच खरी असं तिचं म्हणणं होतं. आणि ते बरोबरच होतं. भाजी चिरायला मात्र ती हीच सुरी घ्यायची. आठवड्यातून एकदा कपाच्या बुडावर घासायची, धुवायची, आणि ओली तशीच मांडणीत ठेवून द्यायची.